न्यायासनापुढें नवें यंत्र

माझ्या आत्याबाईंनीं वडिलार्जित जमिनीच्या वाटणीसाठीं तालुक्याच्या न्यायालयांत दावा लावला होता; प्रतिवादी होते माझे तीर्थरूप. तारखेच्या दिवशीं बहीणभाऊ एकाच एस. टी. गाडीनें जात, पण निरनिराळ्या बांकांवर बसत. दुपारपर्यंत पुकाऱ्याची वाट पाहावी आणि दिवेलागणीस 'तारीख पडली' एवढेंच घेऊन परतावें, असा क्रम बरींच वर्षें चालला. दिवाणी दाव्याचें दुःख निकालापेक्षां बहुधा या प्रतीक्षेंतच अधिक असतें.

ती प्रतीक्षा आज संपलेली नाहीं. मात्र तिचें स्वरूप पालटलें आहे. २००७ मध्यें आरंभिलेल्या ई-कोर्ट्स योजनेनें देशांतील न्यायालयांत संगणक आणले. तिच्या तिसऱ्या टप्प्यास सप्टेंबर २०२३ मध्यें ७,२१० कोटि रुपयांची मंजुरी मिळाली. प्रत्येक दाव्यास सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो मोबाईलवर घातला कीं पुढील तारीख घरबसल्या कळते. कोणत्या जिल्ह्यांत किती दावे तुंबले आहेत, तेंही आतां कोणासही पाहतां येतें. जिल्हा व तालुका न्यायालयांतील नुसत्या दिवाणी दाव्यांचीच संख्या एक कोटीहून अधिक आहे. २०२० च्या महामारींत दूरदृश्य सुनावणीचा प्रघात पडला. सर्वोच्च न्यायालयाचे पुष्कळ निवाडे २०२३ पासून मराठींतही वाचावयास मिळूं लागले आहेत. आत्याबाईंना यांतील अर्धें जरी लाभतें, तरी त्यांचे कितीएक हेलपाटे वांचते.

पुराव्याच्या क्षेत्रांत याहून सूक्ष्म बदल झाला आहे. लेख, भुक्ति आणि साक्षी हीं तीन मानुष प्रमाणें याज्ञवल्क्यानें सांगितलीं, आणि लेखाविषयीं संशय आल्यास हस्ताक्षर ताडून पाहावें, असेंही सुचविलें. परंतु मोबाईलमधील संदेशास हस्ताक्षर कोठून असणार ? २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या वादांत उमेदवारी अर्ज मुदतींत आले कीं नाहीं, हा प्रश्न निवडणूक-कचेरींतील चित्रीकरणावर येऊन ठेपला. त्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं ठरविलें कीं, मूळ उपकरण न्यायालयापुढें आणलें नसेल, तर त्यांतील नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र हवेंच. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानें त्या प्रमाणपत्रांत एक गणिती खूणही मागितली आहे. नोंदीच्या मजकुरावरून संगणक एक लांबलचक अंकाक्षरमाला काढतो. मूळांत एखादा स्वल्पविराम बदलला, तरी ती माला सर्वस्वीं निराळी येते. जुन्या लेखावरील मुद्रेचें कार्य आतां तिच्याकडे आलें आहे.

येथवर यंत्र कारकुनाचें काम करतें. पुढें तें पंडिताच्या आसनावर बसूं पाहतें, आणि तेथेंच सावध राहिलें पाहिजे. भाषांतरांत त्याचें साह्य खरें आहे : 'सुवास' नांवाची प्रणाली २०१९ पासून निवाड्यांचे खर्डे भारतीय भाषांत उतरविते व माणसें ते तपासतात. परंतु न्यूयॉर्क येथें विमान कंपनीवरील एका दाव्यांत वकिलांनीं संभाषण करणाऱ्या यंत्राकडून मिळालेले सहा निवाडे सादर केले, आणि ते सहाही कोठेंच अस्तित्वांत नव्हते ! जून २०२३ मध्यें न्यायाधीशांनीं त्यांस पांच हजार डॉलरचा दंड ठोठावला. यंत्र लबाड होतें असें नव्हे. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द यावा, एवढेंच तें जाणतें. धडा न वाचलेला चतुर विद्यार्थी उत्तराचें वळण बेमालूम साधतो, आणि दमलेला मास्तर त्याला गुण देऊन बसतो, तशांतला हा प्रकार आहे. चूक मास्तराचीही असते. केरळ उच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें जिल्हा न्यायालयांस बजावलें कीं, निष्कर्ष, दाद किंवा निकाल ठरविण्यासाठीं कृत्रिम बुद्धीचा उपयोग करूं नये. ही मर्यादा मला योग्य वाटते.

गृहस्थांनीं यांतून दोनतीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. व्यवहाराचे संदेश ज्या मोबाईलवर आले, तो जपावा. नुसत्या छापील प्रतीवर विसंबूं नये. यंत्रानें सांगितलेला निवाडा अधिकृत संग्रहांत सांपडेपर्यंत खरा मानूं नये. आणि घरांतील वृद्ध स्त्रीच्या नांवें दावा असेल, तर तारीख तिला वाचून दाखवावी. यंत्रावर सर्व उघड असूनही तिच्यापुरतें तें अंधारांतच असतें.

शेवटीं आमच्या दाव्याविषयीं. नव्यानें बदलून आलेल्या न्यायाधीशांनीं एके दिवशीं कागदांवरून दृष्टि उचलली आणि विचारलें, "आपण दोघें एकाच गाडीनें येतां ना ?" दोघेंही गप्प राहिलीं. "मग आज परत जातांना एका बांकावर बसून पाहा." पुढच्या तारखेस तडजोडीचा अर्ज दाखल झाला. गाडीची ती गोष्ट दाव्याच्या कोणत्याच कागदांत नव्हती. जें कागदांत नाहीं, तें यंत्राला कोण सांगणार ?