बाजार अनेक, भावफलक एक

चकलांब्याच्या शेतकऱ्याने तूर गेवराईला न्यावी, बीडला की जालन्याला, हे भावावर ठरते. केंद्र शासनाचे 'ॲगमार्कनेट', राज्याचे कृषी पणन मंडळ आणि १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेला 'ई-नाम' असे भाव कळण्याचे मार्ग अनेक आहेत. ते सारे एका ठिकाणी दाखविणारी वेब-प्रणाली कशी रचावी, याचा मी येथे थोडक्यात विचार करणार आहे.

एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची ठरलेली रीत म्हणजे 'एपीआय'. ही रीत प्रत्येकाची निराळी असते. कोठे 'अरहर' म्हणतात, कोठे 'तूर'. कोणी आवक टनात मोजतो, कोणी क्विंटलात. म्हणून प्रत्येक बाजारासाठी प्रणालीत एकेक स्वतंत्र दुभाषी ठेवावा. त्याने आलेली माहिती एकाच साच्यात बसवून द्यावी. उद्या एखाद्याने रीत बदलली, तर तेवढा दुभाषी बदलावा लागतो. बाकीची रचना अबाधित राहते.

परंतु खरी जबाबदारी पुढेच आहे. एका बाजाराचा कमाल दर दुसऱ्याच्या सर्वसाधारण दराशेजारी मांडला, किंवा कालचा भाव आजचा म्हणून दाखविला, तर गाडीभाडे भरून गेलेला शेतकरी फसतो. म्हणून प्रत्येक भावाजवळ दराचा प्रकार, बाजाराचे नाव आणि तारीख असलीच पाहिजे. माहिती आली नसेल, तर 'आज भाव आला नाही' असेच लिहावे.

शब्दाचा नेमका अर्थ लावण्याचे हे काम आहे. ते आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना परके वाटू नये.