गोकर्णाची निळाई आणि लिंबाचा थेंब

रविवारी चौक गावात आमच्या बागकाम गटातली मुलं जमली होती. सातवीतल्या एका मुलीने ओंजळभर गोकर्णाची फुलं आणली आणि विचारलं, "काका, यांचा रंग होईल?"

होतो, आणि फार सुंदर होतो!

दहा-बारा फुलांचे हिरवे देठ काढा, पाकळ्यांवर अर्धी वाटी गरम पाणी ओता. दहा मिनिटांत गडद निळा रंग तयार. जाड कागदावर ब्रशने लावा, वाळू द्या.

आता बोटाने लिंबाचा एक थेंब टेकवा. निळ्यात जांभळा-गुलाबी ठिपका उमलतो. खायच्या सोड्याचं पाणी लावलं तर हिरवट छटा येते. मुलांनी याच ठिपक्यांची अख्खी बाग रंगवली.

हे घडतं अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. आम्ल आणि अल्कली यांनुसार ते रंग बदलतं. जास्वंदीतही तेच असतं, म्हणून तिची पाकळी थेट कागदावर घासून बघा. झेंडूचा पिवळा मात्र लिंबाला दाद देत नाही, कारण त्यात कॅरोटिनॉइड असतं.

फुलं शक्यतो स्वतःच्या कुंडीतली घ्या, नाहीतर झाडाखाली पडलेली. चित्र उन्हात ठेवू नका, रंग उडतो.

तुमच्या अंगणात कोणती फुलं आहेत? कमेंटमध्ये लिहा, काही अडलं तर जरूर विचारा.