दर सिनेमात मरणारा माणूस

हम्फ्री बोगार्ट माहीत नाही असा सिनेमावेडा विरळाच. पण त्याच्याच सिनेमांत कोपऱ्यात उभा असलेला तो किरकोळ अंगाचा, मोठ्या घाबऱ्या डोळ्यांचा माणूस? एलिशा कुक ज्युनिअर. नाव नसेल ऐकलं, पण चेहरा बघितलात की म्हणाल, 'अरे, हा तर तोच!'

१९०३चा जन्म, गाव सॅन फ्रान्सिस्को. ब्रॉडवेवर यूजीन ओनीलच्या नाटकात काम करून हा हॉलिवूडला आला आणि १९४१च्या 'द माल्टिज फाल्कन'मध्ये विल्मर झाला. खिशात दोन पिस्तुलं, तोंडात धमक्या. बोगार्ट ती पिस्तुलं आरामात काढून घेतो आणि त्याच्याच बॉसच्या हातात देतो. शेवटी तो बॉसच त्याला बळीचा बकरा करायला तयार होतो.

मग असेच रोल येत राहिले. गोळी खा, नाहीतर फसवून घे. 'शेन'मध्ये (१९५३) तर जॅक पॅलन्सनं त्याला चक्क चिखलात लोळवलं.

पण 'द बिग स्लीप' (१९४६) बघाच. (शेवट फोडत नाहीये, मधलाच सीन आहे!) तो हॅरी जोन्स, एक फुटकळ भामटा. गुंड विचारतो, तुझी मैत्रीण कुठंय? हॅरी घाबरत घाबरत पत्ता देतो. गुंड त्याला ड्रिंक देतो; त्यात विष. शेजारच्या खोलीत बोगार्ट सगळं ऐकतोय. नंतर कळतं, पत्ता खोटा होता. जीव गेला, पण पोरीला विकलं नाही पठ्ठ्यानं! अख्ख्या सिनेमात इतका सरळ माणूस दुसरा नाही, असं माझं मत.

क्युब्रिकच्या 'द किलिंग'मध्ये (१९५६) मात्र उलटं. रेसकोर्सवरचा हा कॅशियर बायकोवर छाप पाडायला दरोड्याचा प्लॅन बोलून बसतो. पुढं काय होतं ते डीव्हीडीवरच बघा.

शूटिंग संपलं की स्वारी सिएरा नेवाडाच्या डोंगरात, ट्राउट मासे पकडायला. काम असलं की स्टुडिओनं तिकडं माणूस पाठवायचा. ना पार्ट्या, ना चमकोगिरी.

१९८०च्या दशकात 'मॅग्नम पी.आय.' या टीव्ही मालिकेत तो आइस पिक नावाचा म्हातारा डॉन झाला. म्हणजे उशिरा का होईना, बॉस! १९९५ साली ९१व्या वर्षी तो गेला, त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, बिग पाइनमध्ये.