दंतपतन आणि स्मृतिभ्रंश : एका संबंधाचे स्वरूप

वार्धक्यात दात पडणे आणि स्मृती क्षीण होणे या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र आढळतात. साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे तत्त्व सर्वपरिचित आहे. परंतु ते येथे लागू करणे सोपे नाही. दारिद्र्य, धूम्रपान, मधुमेह आणि अल्पशिक्षण यांचा परिणाम दातांवर तसाच बुद्धीवरही होत असतो.

या दृष्टीने अमेरिकेतील ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघातील जोगिणींचा अभ्यास उद्बोधक आहे. डेव्हिड स्नोडन यांनी तो १९८६ मध्ये आरंभिला. आहार, निवास व दिनचर्या दीर्घकाळ सारखीच असल्यामुळे येथे बाह्य भेद पुष्कळच कमी होतात. मिल्वॉकी येथील १४४ जोगिणींच्या दंतनोंदींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे दहांहून कमी दात उरले होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले.

याच संघातील ९३ जोगिणींनी सरासरी वयाच्या बाविसाव्या वर्षी लिहिलेली आत्मवृत्ते त्यापूर्वीच, १९९६ मध्ये, तपासली गेली होती. दर दहा शब्दांमागे किती विधाने येतात, यावरून त्यांची आशयघनता मोजण्यात आली. ज्यांच्या लेखनात ती कमी होती, त्यांची बुद्धी वार्धक्यात अधिक क्षीण झालेली दिसली. म्हणजे या भेदाचे एक चिन्ह तारुण्यातील भाषेतच उमटले होते. सारा दोष दातांवर ठेवता येत नाही, तो यामुळे.

उलट दिशेचाही विचार केला पाहिजे. ज्याची स्मृती ढळली, त्याला दात घासण्याचेही भान राहत नाही. हिरड्यांच्या रोगाच्या एका जंतूची विकरे अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत आढळल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. पण त्या विकरांना रोधणाऱ्या औषधाच्या चाचणीत २०२१ मध्ये अपेक्षित यश आले नाही.

तेव्हा दंतोपचाराने स्मृती टिकेल, असे आश्वासन वृद्धांना देणे योग्य नव्हे. मात्र दात नसल्यास त, द, स हे ध्वनी अस्पष्ट होतात, आणि ऐकणारा उच्चारातील शैथिल्यालाच बुद्धीचे शैथिल्य समजतो. उच्चार आणि आशय यांतील हा भेद ध्यानी न घेता केलेले निदान वृद्धावर अन्याय करणारेच ठरेल.