चिक्कीच्या दुकानासाठी यूपीआय पावतीयंत्र

लोणावळ्यात चिक्कीच्या काउंटरवर साउंडबॉक्स ‘पैसे आले’ म्हणतो, पण हातात पावती पडेलच असं नाही. ती छापणारं यंत्र घरी बनवता येतं. ईएसपी३२ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि ५८ मिमीचा थर्मल प्रिंटर, बस्स. शाईची भानगडच नाही. कागदावरचा लेप उष्णतेनं काळा होतो.

खरी गंमत मराठीत आहे. अशा स्वस्त प्रिंटरांत देवनागरी फॉन्ट सहसा नसतो. म्हणून ‘शेंगदाणा चिक्की’ चित्र म्हणून पाठवायची: ओळीला ३८४ ठिपके, म्हणजे ४८ बाइट. जोडाक्षरं आपल्या सर्व्हरवरच जुळवून तयार चित्र बोर्डाकडे धाडलं, की निम्मा ताप वाचतो.

विजेत कंजुषी नको. छापताना प्रिंटर दीड-दोन अँपिअर ओढतो. बोर्डाच्या पिनवरून वीज दिलीत तर बोर्ड रीसेट होत बसेल. ॲडाप्टर वेगळा, ग्राउंड मात्र सामाईक.

आणि पावती सुटावी ती पेमेंट गेटवेच्या सर्व्हरकडून निरोप आल्यावरच. ग्राहकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण नकली ॲपही दाखवतं! मावळच्या पावसाळ्यात लाइट गेली आणि पोच द्यायची राहिली, तर तोच निरोप पुन्हा येऊ शकतो. छापलेले व्यवहार क्रमांक फ्लॅश मेमरीत जपा, नाहीतर एकाच खरेदीच्या दोन पावत्या निघतील. आणि पावसाळी दमटपणापासून जपायला कागदाचे रोल हवाबंद डब्यात ठेवा.