ग्रॅनाइटात घुसलेला डोलेराइट

देगलूर-बिलोलीच्या बाजूला बेसाल्टचे आवरण संपते आणि त्याखालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. लातूरकडे हा पाया खोल गाडलेला आहे. १९९३च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट आणि सुमारे ८ मीटर गाळ ओलांडल्यावर कुठे पुरातन पायाखडक लागला. हा पाया उघडा असलेल्या देगलूर भागातल्या वाचकांनी ग्रॅनाइटच्या माळावरून सरळ जाणाऱ्या काळ्या पट्ट्यांविषयी विचारले आहे, आणि तो प्रश्न मागे ठेवण्यासारखा नाही.

हे पट्टे डोलेराइटचे. ग्रॅनाइट आणि डोलेराइट दोन्ही अंतर्निर्मित अग्निजन्य खडक, म्हणजे शिलारस जमिनीखालीच थिजून झालेले. ग्रॅनाइटचा शिलारस काही किलोमीटर खोलीवर लाखो वर्षे निवत राहिला, म्हणून त्याचे कण भरड झाले. गुलाबी किंवा पांढरा फेल्डस्पार, काचेसारखा करडा क्वार्ट्झ आणि अभ्रकाच्या काळ्या चकत्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येतात. डोलेराइटचा शिलारस भेगांतून वर चढला आणि अरुंद जागेत लवकर निवला. त्याचे कण जेमतेम मिलिमीटरभर. भिंगाखाली पायरोक्सिनच्या काळसर कणांत रुतलेल्या फेल्डस्पारच्या बारीक फिकट काड्या दिसतात. ग्रॅनाइटमध्ये सिलिका सुमारे ७० टक्के, डोलेराइटमध्ये ५०च्या आसपास. लोह-मॅग्नेशियम जास्त असल्याने डोलेराइट हाताला जड लागतो : घनता सुमारे ३, ग्रॅनाइटची २.६५.

खरी गंमत पट्ट्याच्या कडेला आहे. मधला दगड दाणेदार असतो. कडेकडे सरकावे तसे दाणे बारीक होत जातात, आणि ग्रॅनाइटला चिकटलेली शेवटची काही बोटे तर बेसाल्टसारखी गुळगुळीत असतात. शिलारस आत शिरला तेव्हा ग्रॅनाइट थंडगार होता, त्याचा हा पुरावा. त्या ग्रॅनाइटचे वय २५० कोटी वर्षांच्या घरात. पट्टे त्याहून लहान. बेसाल्ट ६.६ कोटी वर्षांचा. पट्टा बेसाल्टच्या तळाशी तुटत असेल तर तो बेसाल्टहून जुना, बेसाल्टलाही चिरत गेला असेल तर नवा. एवढ्या निरीक्षणावर वयाचा क्रम लावता येतो, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

झिजण्यातही दोघांची तऱ्हा वेगळी. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पारची माती होते, क्वार्ट्झ मात्र टिकतो. म्हणून तिथला मुरूम रेताड, आणि बिलोलीकडच्या मांजरेच्या पात्रातली वाळू क्वार्ट्झच्या दाण्यांची. डोलेराइटमध्ये क्वार्ट्झ नसल्यासारखाच, त्यामुळे त्याची माती गडद आणि चिकण. त्याचे धोंडे कांद्यासारखे पापुद्रे सोडतात आणि आतला टणक गोळा शिल्लक राहतो. अशा काळ्या धोंड्यांची रांग माळावर दिसली की खाली पट्टा आहे असे धरायला हरकत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ग्रॅनाइट म्हणून बसवलेली एकरंगी काळी फरशीही बहुधा डोलेराइटची किंवा त्याच्याच घडणीच्या पण भरड कणांच्या गॅब्रो या खडकाची असते.

विहीर घेणाऱ्याला हा फरक पैशांत मोजावा लागतो. ग्रॅनाइटमध्ये पाणी मुरमात आणि भेगांत साठते. आडवा आलेला अखंड डोलेराइट ते अडवून धरतो, त्यामुळे पट्ट्याच्या चढाकडची विहीर उन्हाळ्यात जास्त तग धरते. पट्टा स्वतःच भेगाळलेला असेल तर पाणी अडत नाही; म्हणून जागा ठरवण्याआधी पट्टा उघडा पडलेल्या ठिकाणी जाऊन त्याच्या भेगा पाहाव्यात.