ॲस्टर, बहुवर्षायू
ॲस्टर, बहुवर्षायू : कंपॉझिटी (नवे नाव ॲस्टरेसी) कुलातील, शरद ऋतूत फुलणाऱ्या व एकदा लावल्यावर अनेक वर्षे टिकणाऱ्या शोभिवंत ओषधींचा गट. ‘ॲस्टर’ हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ तारा असा आहे. मध्यभागी पिवळी चकती आणि तिच्याभोवती किरणांप्रमाणे पसरलेल्या अरुंद पाकळ्या यांवरून हे नाव पडले. ज्याला सामान्यतः एक फूल म्हणतात ते वास्तविक अनेक लहान फुलांचे स्तबक असते. कडेची जिव्हिकाकृती किरण-पुष्पके निळी, जांभळी, गुलाबी वा पांढरी व स्त्रीलिंगी, तर मधली नलिकाकृती बिंब-पुष्पके पिवळी व द्विलिंगी असतात. फळ शुष्क, एकबीजी (कृत्स्नफळ) असून त्याच्या टोकावर केसांचा झुबका असतो. त्याच्या साहाय्याने ते वाऱ्यावर दूर जाते. जमिनीखालील आडव्या खोडापासून (मूलक्षोडापासून) दर वर्षी नवे फुटवे, म्हणजे अधश्चर, निघतात. फुले येऊन गेलेला दांडा वाळतो, पण झाड मरत नाही.

महाराष्ट्रात ‘ॲस्टर’ म्हटले म्हणजे जे फूल डोळ्यांसमोर येते ते मात्र हे नव्हे. पुणे, सातारा, अहिल्यानगर, नासिक या जिल्ह्यांत हाराफुलांसाठी लावले जाणारे, नवरात्रापासून थंडी संपेपर्यंत बाजारात येणारे ॲस्टर म्हणजे चिनी ॲस्टर (कॅलिस्टेफस चायनेन्सिस). लिनीअस यांनी त्याचा समावेश ॲस्टर प्रजातीतच केला होता. पुढे कासीनी यांनी त्याची स्वतंत्र प्रजाती केली आणि ‘सर्वांत सुंदर मुकुट’ या अर्थाचे ग्रीक शब्द जोडून तिला कॅलिस्टेफस हे नाव दिले. परंतु लोकांच्या तोंडी जुने नावच राहिले. ही वनस्पती वर्षायू आहे. बी पेरल्यापासून साधारणपणे साडेतीन ते चार महिन्यांत ती फुलते, बी धरते आणि मरते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गणेशखिंड (पुणे) येथील केंद्रातून निघालेले फुले गणेश व्हाइट, फुले गणेश पिंक, फुले गणेश व्हायोलेट व फुले गणेश पर्पल, तसेच बंगलोरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे कामिनी, पूर्णिमा, शशांक इ. प्रकार सर्व या चिनी ॲस्टरचेच आहेत.

नावाच्या या घोटाळ्याची किंमत हौशी बागाईतदारास मोजावी लागते. बियांच्या पाकिटावर नुसते ‘ॲस्टर’ असे छापलेले असते; विलायती पुस्तकात वाचलेले असते की, ॲस्टर दर वर्षी फुटते. म्हणून फुले संपल्यावर दांडे छाटून तो वाफा राखून ठेवतो, उन्हाळाभर पाणी घालतो आणि जूनमध्ये वाफा रिकामाच राहतो. उलट, रोपवाटिकेतून आणलेल्या खऱ्या बहुवर्षायू ॲस्टरचे दांडे वाळले की, झाड मेले असे समजून ते उपटून टाकले जाते. दोहोंतील फरक ओळखणे अवघड नाही. चिनी ॲस्टरच्या स्तबकाखाली बाहेरची हिरवी छदे पानांसारखी मोठी व पसरट असतात, फुलाचा व्यास पुष्कळदा ५ ते १० सेंमी. भरतो आणि झाड उपटल्यास मुळांचा एकच झुबका हाती येतो. बहुवर्षायू ॲस्टरची फुले लहान, पण संख्येने फार असतात आणि बुंध्याशी माती उकरल्यास पांढरट फुटवे दिसतात.

प्रमुख जाती : उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ‘नोव्ही-बेल्गी’ व ‘नोव्ही-ॲन्ग्ली’ या दोन उंच जाती अठराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडात पोहोचल्या. २९ सप्टेंबरला येणाऱ्या मायकेलमस या ख्रिस्ती सणाच्या सुमारास फुलतात म्हणून त्यांना तेथे मायकेलमस डेझी म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील कॉलवॉल या गावी अर्नेस्ट बॅलर्ड यांनी पहिल्या जातीपासून अनेक मोठ्या फुलांचे व गडद रंगांचे प्रकार निवडले. उद्यानातील आजचे बरेच प्रकार त्यांच्या कामावर उभे आहेत. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ गाय नेसम यांनी अमेरिकेतील बहुतेक जाती मूळ प्रजातीतून वेगळ्या काढल्या. त्यामुळे वरील दोन्ही जाती आता सिंफिओट्रायकम या प्रजातीत मोडतात आणि काटेकोर अर्थाने ॲस्टर हे नाव मुख्यतः यूरोप-आशियातील जातींनाच उरले आहे. माळ्याने हे नवे नाव लक्षात ठेवलेच पाहिजे असे नाही, परंतु परदेशी सूचिपत्रे वाचताना ते उपयोगी पडते.

यूरोपातील ॲस्टर अमेलस ही जाती ठेंगणी (४०–६० सेंमी.) असून तिची फुले निळसर जांभळी असतात. रोमन कवी व्हर्जिल यांनी ‘जॉर्जिक्स’ या शेतीविषयक काव्यात तिचा उल्लेख मधमाश्यांच्या रोगावरील उपाय म्हणून केला आहे. पश्चिम हिमालयातील ॲस्टर थॉमसोनी हिच्याशी अमेलसचा संकर करून फ्रिकार्ट या स्वित्झर्लंडमधील रोपवाटिकाधारकांनी १९२० च्या सुमारास जे प्रकार काढले, ते सर्वांत जास्त काळ फुलणारे मानले जातात. या प्रकारांच्या वंशात एक भारतीय वनस्पती आहे हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. बारीक, पांढऱ्या फुलांचा ‘माँटे कॅसिनो’ हा अमेरिकी जातीपासून निघालेला प्रकार पुष्पगुच्छांत भर घालण्यासाठी जगभर पिकविला जातो.

दिनमान व फुलणे : ही झाडे समशीतोष्ण प्रदेशातील आहेत. दिवस मोठे असताना त्यांचा दांडा वाढतो व दिवस लहान होऊ लागले म्हणजे शेंड्याला कळ्या धरतात. इंग्लंडच्या मध्यभागी जूनमधील सर्वांत मोठा दिवस सु. साडेसोळा तासांचा असतो. ऑगस्टअखेर तो पावणेचौदा तासांच्या आसपास येतो आणि तोवर झाडावर कळ्या दिसू लागलेल्या असतात. आता उत्तर कोकणाच्या हवामानाचा नमुना म्हणून ठाणे जिल्ह्यातील भिवंडी घेतल्यास काय दिसते? हे शहर १९° ३०' या अक्षांशाच्या थोडे दक्षिणेस आहे. तेथील वर्षातील सर्वांत मोठा दिवस सु. सव्वातेरा तासांचा, म्हणजे इंग्लंडातील ऑगस्टअखेरच्या दिवसापेक्षाही लहान भरतो. दिनमानाच्या हिशेबाने या झाडाला भिवंडीत बाराही महिने शरद ऋतूच असतो. परिणामी फुटवा वीतभर वाढतो न वाढतो तोच त्याला कळी येते, झाड खुजे राहते आणि एकदम बहर येण्याऐवजी अधूनमधून चार-दोन फुले येत राहतात. विषुववृत्ताजवळच्या देशांत व्यापारी लागवड करणारे रात्री दिवे लावून दिवस कृत्रिम रीत्या लांबवितात ते याचसाठी. घरच्या बागेत तसे करण्याचे कारण नाही. पावसाळाभर शेंडे खुडून व अवेळी आलेल्या कळ्या काढून झाडाचा जोर राखला, तर बराच कार्यभाग साधतो.

पावसाळ्याचा प्रश्न : विलायती पुस्तकांत या झाडाच्या निगेचा मोठा भाग हिमाने गोठलेल्या जमिनीतून ते कसे वाचवावे याला दिलेला असतो. भिवंडीत थंडीची भीती नाही. खरा शत्रू पाऊस. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी अडीच हजार मिमी.च्या आसपास पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. शहराच्या भोवतालची कामवारी नदीकाठची व खाडीलगतची जमीन पिढ्यान्‌पिढ्या भाताची; पाणी धरून ठेवणे हाच तिचा गुण. ज्या खाचरात भात डोलतो त्याच मातीत ॲस्टरचे मूलक्षोड आषाढ संपण्यापूर्वी कुजते. अमेलस जातीला तर मुळाशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. तिच्या मूळ प्रदेशातील जमीन चुनखडीची, कोरडी व उताराची आहे. नोव्ही-बेल्गी किनाऱ्यालगतच्या ओलसर जागी उगवणारी असल्याने ती ओल अधिक सहन करते, पण दमट हवेत तिच्यावर रोग फार पडतो. यामुळे कोकणातल्या बागेसाठी उंच व मोठ्या फुलांच्या प्रकारांपेक्षा अमेलस आणि माँटे कॅसिनो यांसारखे ठेंगणे वा बारीक फुलांचे प्रकार निवडणे शहाणपणाचे होय, मात्र ते कुंडीत किंवा उंच गादीवाफ्यावर.

गेल्या दोन-अडीच दशकांत मुंबई-नासिक महामार्गालगतच्या पूर्णे, राहनाळ, वळ, माणकोली इ. गावांतील पुष्कळ भातशेते भराव घालून गोदामांखाली गेली, तर यंत्रमागांच्या दाट वस्तीत मोकळी जमीन पूर्वीपासूनच थोडी. तेव्हा भिवंडीतली बाग म्हणजे बहुधा गच्ची, गॅलरी किंवा सोसायटीच्या कुंपणालगतचा पट्टा. भरावावरच्या अशा पट्ट्यात मुरूम असतो. त्यातून पाणी चटकन निघून जाते हे ॲस्टरच्या दृष्टीने चांगलेच, पण त्यात पोषण नसते व उन्हाळ्यात तो फार तापतो. दीड-दोन फूट खोदून त्यात निम्मे शेणखत व पोयटा मिसळल्याशिवाय काही लावू नये. गच्चीवर २५–३० सेंमी. व्यासाची मातीची कुंडी पुरते. प्लॅस्टिकच्या कुंडीत पावसाळी ओल दीर्घकाळ राहते, म्हणून ती टाळावी. तळाशी विटांचे तुकडे, वर दोन भाग पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू असे मिश्रण भरावे. कोकणातील मातीतला चुना पावसाने धुऊन जातो; अमेलससाठी कुंडीमागे चमचाभर विरलेला चुना मिसळावा.

लागवड व निगा : कोकणात या झाडाचा वर्षक्रम शेवंतीसारखा ठेवावा. यूरोपात जुन्या झुबक्याची फोड वसंतात करतात. येथे ती बहर संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत करावी. झुबका उपटून त्याचा मधला जुना, काष्ठमय भाग टाकून द्यावा आणि कडेचे मुळांसह असलेले जोमदार फुटवे तेवढे घ्यावेत. मध्यभाग टाकण्यास मन धजत नाही व तोच पुन्हा लावला जातो. दुसऱ्या वर्षी फुले कमी येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. बियांपासूनही रोपे करता येतात, पण नामांकित प्रकार बियांपासून जसेच्या तसे उतरत नाहीत. वेगळे केलेले फुटवे लहान कुंड्यांत लावून मार्च ते मे या काळात दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवावेत. माती सुकू देऊ नये, पण चिखलही होऊ देऊ नये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात या कुंड्या पागोळीखालून हलवून, वरून पाऊस लागणार नाही पण उजेड व वारा मिळेल अशा ठिकाणी विटांवर मांडाव्यात. ज्यांच्याकडे अशी जागा नाही त्यांनी निदान तीन-चार फुटवे खिडकीच्या छज्जाखाली राखावेत. बाकीचे गेले तरी बियाणे म्हणून ते पुरतात. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी शेंडा खुडावा. गणेशोत्सवाच्या सुमारास फुटवे मोठ्या कुंडीत बदलावेत व सप्टेंबरच्या मध्यानंतर खुडणे बंद करावे. पाऊस मागे हटला की कुंड्या पूर्ण उन्हात आणाव्यात. आश्विनातील ऊन भिवंडीत चैत्राची आठवण करून देणारे असते. त्या दिवसांत सकाळी एकदा भरपूर पाणी द्यावे, ते पानांवर न पडता मुळाशी जाईल असे पाहावे. कळ्या दिसू लागल्यावर पेंडीचे पातळ पाणी पंधरवड्याने द्यावे. नत्र जास्त झाल्यास पाने माजतात. उंच प्रकारांना काठीचा आधार लागतो. अशा रीतीने वाढविलेली झाडे विलायतेप्रमाणे सप्टेंबरात नव्हे, तर दिवाळीनंतर थंडी पडू लागल्यावर बहरतात. दसऱ्याला फूल हवेच असेल, तर चिनी ॲस्टर लावणे सोपे, मात्र त्याची रोपे भर पावसात आडोशाला तयार करावी लागतात.

रोग व किडी : पानांवर पांढरी भुकटी पडल्यासारखी दिसणारी भुरी हा नोव्ही-बेल्गीचा नेहमीचा रोग, नोव्ही-ॲन्ग्लीवर तो कमी पडतो. झाडे दाट न लावणे हा त्यावरचा पहिला उपाय. पाण्यात मिसळणारे गंधक फवारता येते, परंतु कडक उन्हात गंधकाने पाने करपतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. एकेक दांडा खालून वर वाळत जाणे हे मर रोगाचे लक्षण असून तो मातीतील कवकांमुळे होतो. असे झाड मुळासकट काढून जाळावे व त्या मातीत पुन्हा कोणतेही ॲस्टर, चिनी ॲस्टरसुद्धा, लावू नये. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या पिवळ्या रोगात फुले हिरवी व विकृत होतात. त्याला औषध नाही. मावा व फुलकिडे यांवर निंबोळी अर्काचा उपयोग होतो.

उपयोग : कापलेली फुले पाण्यात आठवडाभर टिकतात. स्तबके पुरती उमलण्यापूर्वी, दांड्यावरील तीन-चार फुले उघडली असताना, सकाळी कापणी करतात व खालची पाने काढून दांडे लगेच पाण्यात ठेवतात. देठ बारीक व फूल हलके असल्यामुळे हारात ओवण्यास ही फुले सोयीची नाहीत. गुच्छ, फुलदाणी व वाफ्याची कड यांसाठीच त्यांचा वापर होतो. थंडीच्या दिवसांत इतर फुले कमी असताना मधमाश्या व फुलपाखरे यांना त्यांपासून मध व पराग मिळतो.